जुन्या वाड्यांतील ओल आणि घरोघरचीं दप्तरें

प्राचीन हस्तलिखितें हाताळणाऱ्या वाचकांस, पोथीच्या अखेरीस लेखक जो एक श्लोक लिहून ठेवीत असत, तो परिचयाचा आहे. त्यांत पुस्तक स्वतःच बोलतें, आणि तेल, पाणी, सैल बांधणी व मूर्खाचा हात यांपासून आपणांस राखावें, असें मागणें मागतें. यांपैकीं तेलाचा डाग तत्काळ दिसतो, सैल झालेली दोरी हातास कळते, आणि मूर्खाची ओळख पटावयास फारसा वेळ लागत नाहीं. पाणी मात्र तसें नाहीं. भिंतींतून येणारी ओल फडताळाच्या मागल्या बाजूस वर्षानुवर्षें मुकाट्यानें काम करीत राहते, आणि कुबट वास नाकास जाणवतो तेव्हां तिचें काम बहुधा आटोपलेलें असतें.

पुण्यास १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं दोन्ही धरणें फुटून मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें. तो दिवस पुणेकरांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. परंतु कौलांच्या फटींतून थेंबाथेंबानें आणि जोत्याखालून बोटाबोटानें जो पूर घरोघर येतो, त्याची तारीख कोणी लिहून ठेवीत नाहीं. हस्तलिखितांच्या नाशाचा हिशेब कधीं कोणीं मांडलाच, तर ह्या दुसऱ्या पुराकडे त्यास विशेष लक्ष द्यावें लागेल.

आम्ही स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हे. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. परंतु पुण्याच्या एका जुन्या पेठेंतील वडिलार्जित वाड्यांत साठांहून अधिक पावसाळे आम्हीं काढिले आहेत, आणि त्या अवधींत ओलीनें आम्हांस जें शिकविलें, त्याबद्दलची गुरुदक्षिणाही तिनें चोख वसूल केली आहे. त्या अनुभवावरून व तदनंतर जाणत्यांस विचारून जें कळलें त्यावरून, एकच गोष्ट ह्या लेखांत सांगावयाची आहे. ती अशी कीं, ओल झांकण्यापूर्वीं ती कोठून येते हें ओळखावें. जुन्या भिंतींत झांकलेली ओल नाहींशी होत नाहीं. ती जागा बदलते.

१. आमच्या घरची हकीकत

आमच्या माजघराची एक भिंत बोळाकडील आहे. तिच्या पोटांत एक खोल फडताळ असून त्यांत आजोबांच्या वेळच्या पोथ्या व घराण्याच्या वहिवाटीचे कागद रुमालांत बांधून ठेविलेले असत. ह्या भिंतीचा चुन्याचा गिलावा कमरेइतक्या उंचीपर्यंत दरवर्षीं फुगे व हिंवाळ्यांत भुगा होऊन गळे. केरसुणीनें तो झाडून काढावा व दिवाळीपूर्वीं चुन्याचा हात द्यावा, असा घरचा परिपाठ होता. बारा वर्षांपूर्वीं आम्हांस ह्या वार्षिक कटकटीचा कंटाळा आला. एका हितचिंतकाच्या सल्ल्यानें जुना गिलावा खरडून तेथें सिमेंटचा पक्का गिलावा केला व वर तैलरंग दिला. भिंत आरशासारखी दिसूं लागली. पहिले दोन पावसाळे एक कणही गळला नाहीं, आणि आम्हीं आपल्या शहाणपणाबद्दल समाधान मानिलें.

तिसऱ्या वर्षीं दसऱ्यास, सरस्वतीपूजनाकरितां पोथ्या बाहेर काढाव्या म्हणून फडताळ उघडलें, तों आंतून तळघरासारखा वास आला. वरचे रुमाल दमट होते. खालचे जड झाले होते. सर्वांत खालीं रघुवंशाची एक पोथी असे. तिची खालची फळी पूर्वींच हरवलेली असल्यामुळें शेवटचें पान सरळ फडताळाच्या तक्त्यावर टेंकत असे. तें पान तक्त्यास चिकटलें होतें. तें पाहून आमचा धीर सुटला, व आम्हीं तें नखानें उचलावयास गेलों. ज्याला चार दिवस सावलींत सुकूं द्यावयाचें होतें, तें पान आमच्या हातांत पापुद्र्यापापुद्र्यानें आलें. ओलीनें अर्धें काम केलें होतें; उरलेलें आम्हीं केलें. श्लोकांतील चौथा शत्रु कोण, हें त्या दिवशीं आम्हांस निराळें सांगावें लागलें नाहीं.

गेलेल्या त्या पानावर पोथीची पुष्पिका होती. रघुवंशाचा पाठ कोठेंही मिळेल. त्यावांचून कोणाचें अडणार नाहीं. परंतु ती प्रत कोणीं, कोठें, कोणासाठीं व कोणत्या शकीं लिहिली, हें सांगणाऱ्या त्या चार ओळी जगांत एकाच ठिकाणीं होत्या. लहानपणीं त्या आम्हीं अनेकदां वाचल्या; उतरून मात्र कधीं घेतल्या नाहींत. शकाचा आंकडा सोळाशेंतील होता व लेखकानें आपल्या गुरूचें नांव घातलें होतें, इतकें स्मरतें. परंतु स्मरण हा पुरावा नव्हे, हें प्रस्तुत वाचकांस आम्हीं सांगावयास पाहिजे असें नाहीं.

पोथीचें पहिलें व शेवटलें पान हें सर्वांत बाहेरचें. म्हणून ओल प्रथम त्यांसच लागते. आणि ग्रंथाचा इतिहास नेमका त्यांवरच असतो. आपल्या संग्रहांतून ज्या ‘आद्यंतरहित’ पोथ्या म्हणून नोंदलेल्या असतात, त्यांपैकीं कित्येकांची हकीकत आमच्या पोथीसारखीच असली पाहिजे.

२. जुना वाडा व ओल यांचा संबंध

आमची चूक कोठें झाली, हें कळण्यास जुन्या भिंतीची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. पुण्याकडील वाड्यास खालीं काळ्या घडीव दगडाचें जोतें असतें. त्यावर लांकडी खांब, तुळया व कडीपाट यांचा सांगाडा उभा असतो, व घराचा मुख्य भार तो वाहतो. खांब जमिनींत न पुरतां दगडी तळखड्यावर उभा करीत, तो शोभेसाठीं नव्हे; जमिनीची ओल लांकडास लागूं नये हा त्यांतील मुख्य हेतु. सांगाड्याच्या मधल्या जागेंत पातळ विटा व माती यांच्या जाड भिंती, आणि त्यांवर चुन्याचा गिलावा. काळा दगड पाणी फारच थोडें शोषितो. परंतु दगडांमधील दरजा व जोत्याच्या पोटांतील भर पाणी ओढते, आणि वरची वीट व माती तर दिव्याच्या वातीनें तेल ओढावें तशी तें वर नेते. शास्त्रज्ञ ह्यास केशाकर्षण म्हणतात.

तेव्हां जुन्या घरांत ओल मुळींच येत नसे, ही समजूत बरोबर नाहीं. ओल येत असे. पण ती येई तशी जाई. चुन्याचा गिलावा हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु घेऊन पुनः चुनखडीसारखा होतो व कठीण बनतो, तथापि त्याचीं सूक्ष्म छिद्रें बुजत नाहींत. भिंत आषाढ-श्रावणांत जें पाणी पिई, तें कार्तिकापासून ह्या छिद्रांवाटे हवेंत सोडून देई. पाण्याबरोबर जमिनींतील व विटांतील क्षार वर येत. पाणी उडून गेलें म्हणजे ते पृष्ठभागाजवळ स्फटिकरूपानें उरत, व फुगून गिलाव्याचा भुगा करीत. ह्यासच आपण लोणा लागला असें म्हणतों. म्हणजे दरवर्षीं गळून पडणारा तो गिलावा हा भिंतीचा रोग नव्हता. आपण झिजून भिंतीस वांचविणारा तो तिचा सेवक होता. त्यास दर दोन-चार वर्षांनीं बदलणें हेंच त्याचें वेतन.

सिमेंटचा स्वभाव ह्याच्या उलट आहे. पोर्टलंड सिमेंटचें पेटंट इंग्लंडांत १८२४ सालीं घेतलें गेलें, आणि त्यावर आजचीं शहरें उभीं आहेत. त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु तें घट्ट व ताठर आहे. त्यांतून वाफ सहज बाहेर पडत नाहीं, आणि वर तैलरंग दिला म्हणजे उरलेली वाटही बंद होते. लांकडी सांगाड्याचें घर ऋतुमानाप्रमाणें किंचित् हालतें. चुना त्यास जुळवून घेतो, सिमेंटास बारीक चिरा पडतात. त्या चिरांतून पावसाचें पाणी आंत जातें, पण बाहेर येण्यास त्यास तितकी जागा मिळत नाहीं. मग भिंतींतील ओल सिमेंटचा थर जेथें संपतो तेथपर्यंत चढते, किंवा जेथें गिलावाच नाहीं अशा जागीं बाहेर पडते. आमच्या माजघराच्या भिंतींत अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे फडताळ. दोन वर्षें आम्ही ज्या कोरड्या भिंतीकडे कौतुकानें पाहत होतों, तिचें सर्व पाणी पोथ्यांच्या अंगावर सुकत होतें.

३. ओलीच्या खुणा

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचें एक प्रकरण आहे. जमिनीखालीं पाण्याच्या शिरा कोठें असतील हें वर उगवलेल्या वृक्षांवरून, वारुळांवरून व मातीच्या रंगावरून कसें ओळखावें, हें त्यांत सांगितलें आहे. त्याच ग्रंथांत पुढें वज्रलेपाचें प्रकरण येतें. कोंवळीं कवठें, सांवरीचीं फुलें इत्यादि पदार्थ उकळून केलेला हा लेप प्रासाद, मूर्ति, भिंती व विहिरी यांस लावण्यासाठीं सांगितला आहे. भिंत गळूं लागली कीं लोक एकदम वज्रलेपाच्या शोधास लागतात. मग तो हल्लीं डब्यांतून विकत मिळणारा कां असेना. आमचें म्हणणें असें कीं, आचार्यांनीं दकार्गल आधीं सांगितलें आहे. आपणही तोच क्रम पाळावा. घरांत येणारें पाणी चार प्रकारचें असतें, व प्रत्येकाची खूण निराळी असते.

पहिलें वरून येणारें. पाऊस पडूं लागल्यावर कांहीं तासांतच तें दिसतें व पाऊस थांबल्यावर कमी होतें. तक्तपोशीवर अगर भिंतीच्या माथ्याशीं तपकिरी कडेचे, एकांत एक असे डाग उठतात. परंतु डाग जेथें पडतो तेथेंच वर कौल फुटलें आहे असें समजूं नये. पाणी वाशावरून उतरत उतरत दूर जातें, व वाशास जेथें सांधा अगर खिळा असेल तेथें ठिबकतें. भर दुपारीं माळ्यावर जाऊन दिवा न लावतां छपराकडे पाहावें. जेथून उजेडाचे ठिपके दिसतील तेथून पाणी येतें.

दुसरें खालून चढणारें. भिंतीच्या पायथ्यापासून बहुधा कमरेइतक्या उंचीपर्यंत ह्याचा एक आडवा, लाटेसारखा पट्टा दिसतो. पावसाळ्यांत तो गडद होतो, आणि मार्गशीर्षाच्या सुमारास त्यावर पांढरा लोणा फुलतो. लोणा दिसला म्हणजे पाणी भिंतीच्या पोटांतून आलें, हें बहुतांशीं नक्की समजावें.

तिसरें घरांतलेंच. मोरी, नळ, गच्चीवरील टांकी, अथवा शेजाऱ्याचें स्नानगृह यांतून तें येतें. त्यास ऋतु नाहीं. चैत्र-वैशाखांतही जो डाग ओला राहतो तो पावसाचा नव्हे. पुण्याच्या जुन्या पेठांत एक जास्त कारण संभवतें. नानासाहेब पेशव्यांच्या वेळीं कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालील बांधीव नळांनीं शहरांतील हौदांत आणिलें होतें. वाड्यांतील असे हौद व आड पुढें भर घालून बुजविले गेले, तरी त्यांच्या जागीं पाणी गोळा होण्याची संवय मोडत नाहीं. वाड्याचा जुना नकाशा अगर वडीलमाणसांची आठवण येथें फार उपयोगी पडते.

चौथें हवेंतलें. पुण्यास पाऊस वर्षास सुमारें सातशें मिलिमीटर, म्हणजे कोंकणाच्या मानानें थोडा. परंतु आषाढ-श्रावणांत हवा सतत दमट असते, आणि बंद खोलीच्या थंड भिंतीवर तो दमटपणा बसतो. कोपऱ्यांत, कपाटामागें, तसबिरीमागें काळे ठिपके उठतात. कडेचा डाग नाहीं, लोणा नाहीं. संशय असल्यास एक सोपी परीक्षा आहे. स्वयंपाकघरांत डबा बांधण्यास जो ॲल्युमिनियमचा पातळ कागद वापरतात, त्याचा हातभर तुकडा भिंतीस चारी कडांनीं चिकटवून दोन-तीन दिवस ठेवावा. भिंतीकडील अंगास दंव जमलें तर पाणी भिंतींतून येतें. खोलीकडील अंगास जमलें तर हवेंतून.

आणखी एक खूण सांगितली पाहिजे. वराहमिहिरानें वारूळ ही जळाची खूण मानिली आहे. आपल्या भिंतीवर वाळवीची मातीची रेघ दिसते, ती त्याच वारुळाची धाकटी बहीण होय. जमिनींतील वाळवीस ओलीवांचून जगतां येत नाहीं. म्हणून औषध फवारून ती रेघ पुसण्यापूर्वीं ती कोठून निघाली हें पाहावें. बहुधा ती आपणांस नेमकी पाण्यापाशीं नेऊन सोडते.

४. उपायांचा क्रम

खुणा कळल्यावर उपाय फारसे अवघड नाहींत. मात्र त्यांस क्रम आहे. पाणी आधीं थांबवावें, मग भिंत सुकूं द्यावी, आणि गिलावा सर्वांत शेवटीं करावा. आपण बहुधा उलट करितों, कारण गिलावा दिसतो व पन्हळ दिसत नाहीं.

छपराविषयीं मुख्य गोष्ट म्हणजे वैशाखांतली शाकारणी. पूर्वीं ती चुकत नसे. फुटकीं व सरकलेलीं कौलें बदलावीं, पन्हळींतील पाला काढावा, व वळचणीचें पाणी भिंतीच्या पायाशीं न पडतां दूर जाईल असें करावें. भिंतींतून उगवलेला पिंपळ नुसता छाटूं नये. त्याचीं मुळें दरजांत राहिलीं तर तो पुढील वर्षीं जास्त जोमानें येतो. शाकारणीस माणूस मिळत नाहीं म्हणून छपरावर प्लास्टिकचें निळें कापड घालण्याची चाल पडली आहे. एका पावसाळ्यापुरतें तें ठीक. परंतु तें वर्षानुवर्षें तसेंच ठेविलें तर त्याखालीं वारा न लागून वासे कुजतात.

खालच्या ओलीसंबंधानें वाचकांनीं आपापल्या वाड्याचें जोतें बाहेरून एकदां मोजून पाहावें. रस्त्यावर थरावर थर पडून रस्ते उंच होतात व जोतीं बुडतात. आमच्या दाराच्या तीन पायऱ्यांपैकीं आज एकच दिसते. जोत्याच्या वर जमीन आली म्हणजे विटेची भिंतच जमिनींत उभी राहिली असें होतें, व मग कोणताही लेप फार दिवस टिकत नाहीं. जेथें शक्य असेल तेथें भिंतीलगतची फरशी वा सिमेंट काढून हातभर रुंदीचा चर खणावा, त्यांत खडी भरावी, व त्याचा उतार भिंतीपासून दूर ठेवावा. घरांतील जमीन उंच करितांना तळखडे बुजवूं नयेत. बुजविलेल्या तळखड्यावरील खांब आंतून कुजतो, आणि तें तो वांकेपर्यंत कळत नाहीं.

भिंतीवरील सिमेंटचा थर ओलीच्या रेषेच्या वर हातभर अंतरापर्यंत काळजीपूर्वक काढावा. दरजा कोरून लोणा कोरड्या कुंचल्यानें झाडावा. धुवूं नये, कारण धुतलेला क्षार पुनः भिंतींतच जातो. जाड भिंत सुकण्यास महिनेच्या महिने लागतात. म्हणून हें काम पावसाळा संपतांच आरंभावें, व हिंवाळा-उन्हाळा भिंत उघडी ठेवून मग चुन्याचा गिलावा करावा. आम्हीं अशी आठ महिने उघडी ठेविली. येणारेजाणारे, घर पाडतां कीं काय, असें विचारीत. गिलाव्यावर रंगही चुन्याचाच द्यावा. चुन्याचें काम जाणणारे गवंडी आज थोडे राहिले आहेत, परंतु जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीमुळें त्यांची परंपरा अगदींच तुटलेली नाहीं. शोधल्यास ते मिळतात.

५. पोथ्या व कागद कोठें ठेवावे

वाड्याची दुरुस्ती आज होईल किंवा दोन वर्षांनीं. पोथ्यांची जागा आजच बदलतां येते. बाहेरच्या भिंतींतील फडताळ किंवा कोनाडा, मोरीच्या शेजारची खोली, आणि थेट कौलांखालचा माळा ह्या तीन जागा वर्ज्य समजाव्या. वरच्या मजल्यावरील आंतल्या बाजूची खोली उत्तम. तेथें पायांचें लांकडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढें ओढून ठेवावें, म्हणजे मागून वारा फिरतो. लोखंडी पेटींत उंदरापासून रक्षण होतें हें खरें. पण आंत शिरलेला दमटपणा बाहेर जात नाहीं, व पत्र्यास घाम येऊन गंज कागदास लागतो. प्लास्टिकच्या पिशवीचाही तोच दोष. धुतलेल्या, बिनरंगी मांजरपाटाचें वेष्टन व दोन्ही बाजूंस फळ्या ही जुनी रीतच अद्यापि सर्वांत निर्दोष आहे. कच्च्या रंगाचें तांबडें फडकें मात्र ओल लागतांच रंग सोडतें, व तो डाग जात नाहीं.

वेखंड व कडुलिंबाचा पाला घालणें चांगलें. पण पाला पूर्ण वाळलेला असावा, नाहीं तर औषधाबरोबर आपण पाणीही घालतों. शिवाय ह्या वस्तु किड्यांस आळा घालतात, बुरशीस नव्हे. आपला जुना हातकागद खळ देऊन व घोटून तयार केलेला असतो. ही खळ पिठाची असल्यामुळें तीच बुरशीचें व कसरीचें अन्न होतें. हवेंतील आर्द्रता शेंकडा सुमारें सत्तरांच्या वर दीर्घकाल राहिली कीं बुरशी वाढूं लागते. तेव्हां पावसाळ्यांत कपाट वरचेवर उघडूं नये; आश्विनांत कोरडी हवा पडल्यावर प्रत्येक रुमाल सोडून सावलींत वारा द्यावा. दसऱ्यास पोथ्या बाहेर काढण्याच्या चालीचा हाही एक उपयोग आहे.

इतकें करूनही पोथी भिजलीच, तर घाई करूं नये. हें आम्ही पश्चात्तापपूर्वक सांगतों. काजळाची शाई उन्हानें फिकी पडत नाहीं, परंतु ती डिंकांत घोटलेली असल्यामुळें ओलींत सुटते, व पुसल्यास फांसते. म्हणून पान पुसूं नये, चोळूं नये, इस्त्री फिरवूं नये, कडक उन्हांत ठेवूं नये. पंख्याचा मंद वारा पोथीवर सरळ न घेतां खोलींत खेळता ठेवावा, सुटीं पानें टिपकागदावर पसरावीं, व टिपकागद ओला होतांच बदलावा. वर्तमानपत्राचा कागद वापरूं नये. त्याची शाई उतरते. चिकटलेलीं पानें ओढून सोडवूं नयेत; तीं जाणत्याच्या हातीं द्यावीं. पुष्कळ कागद एकदम भिजले असतील तर ते स्वच्छ पिशवींत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या खणांत गोठवावे. बुरशीची वाढ त्यामुळें थांबते, व संरक्षणतज्ज्ञ गांठण्यास अवकाश मिळतो. बुरशी लागलेले कागद झाडतांना नाकातोंडास फडकें बांधावें, आणि तें काम घराबाहेर करावें.

६. उपसंहार

जुने वाडे राखणें दिवसेंदिवस कठीण होत आहे, हें आम्ही जाणतों. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें व त्याच्या जागीं आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र कायद्यानें भाडेकरूंस आधार मिळाला. परंतु जुन्या अल्प भाड्यांत कौलें बदलणेंही भागत नाहीं, असें मालक म्हणतात. आणि मालक कौलें बदलीत नाहींत, असें भाडेकरू म्हणतात. ह्या संवादांत वाडा गळत राहतो. अखेर तो पाडण्याचें ठरतें, व घर रिकामें करण्याच्या गडबडींत माळ्यावरचे भिजके रुमाल रद्दीबरोबर जातात. वाडा राखणें सर्वांच्या हातीं नाहीं. पण रुमाल राखणें पुष्कळांच्या हातीं आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति दोन गोष्टींपुरतीच आहे. ज्या घरीं आपण कागद पाहावयास जातां, तेथें कागदांबरोबर ते ठेवलेली भिंतही पाहा, आणि तिला हात लावून पाहा. दुसरी गोष्ट, सबंध पोथीचें छायाचित्रण पुढें होईल तेव्हां होवो. येता पावसाळा लागण्यापूर्वीं प्रत्येक पोथीच्या पहिल्या व शेवटच्या पानाचें छायाचित्र तेवढें घेऊन ठेवा. त्यास घटकाभरही लागत नाहीं, आणि हल्लीं त्याचें साधन प्रत्येकाच्या खिशांत असतें.

आमच्या माजघराची भिंत आतां पुनः चुन्याची आहे. गेल्या मार्गशीर्षांत पायथ्याशीं थोडा लोणा फुलला व चिमूटभर भुगा खालीं पडला. तो आम्हीं केरसुणीनें झाडून काढिला. फडताळ रिकामें आहे. त्याचीं दारें आम्हीं काढून टाकिलीं आहेत. रघुवंशाची पोथी वरच्या मजल्यावर कपाटांत, नव्या फळ्यांमध्यें आहे. तिच्या अखेरीस एक कोरें पान घालून, पुष्पिकेंतील जें स्मरतें तें ‘स्मरणावरून’ अशा स्पष्ट शब्दांसह लिहून ठेविलें आहे. त्यांत लेखकाचें नांव नाहीं.